ताट, गोळी आणि होमोसिस्टीन : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

होमोसिस्टीन आपण खात नाही. ज्वारीतून, डाळीतून, दुधातून किंवा मटणातून ते पोटात जाते असे नाही. अन्नातल्या प्रथिनांतून मेथिओनीन नावाचे अमिनो आम्ल मिळते, शरीर ते वापरते आणि त्या वापरातून होमोसिस्टीन तयार होते. निरोगी माणसाच्या पेशींत ते सतत बनते आणि सतत खर्चीही पडते. म्हणून ते रक्तात साचू लागले की 'मी जास्त काय खाल्ले?' असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. 'माझ्या ताटात काय कमी पडले?' असे विचारावे लागते. या विषयात नव्याने येणाऱ्याने एवढे मनाशी पक्के केले, तर पुढची बरीच वाट सोपी होते.

छत्रपती संभाजीनगरात हा शब्द आता डॉक्टरांपुरता राहिलेला नाही. सवलतीच्या दरातल्या 'फुल बॉडी चेकअप'मुळे तो सिडकोपासून गुलमंडीपर्यंत घरोघरी पोचला आहे. संदर्भमर्यादा ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर, आणि तिच्यासमोर ठळक अक्षरांत २२ किंवा ३५. रिपोर्ट हातात पडला की माणूस मोबाइलवर शोधतो, 'हृदयाचा छुपा शत्रू' असे काहीतरी वाचतो, घाबरतो आणि औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी घेऊन येतो. दुसऱ्या बाजूला, होमोसिस्टीन उतरवून हृदयविकाराचा झटका टळत नाही हे मोठ्या चाचण्यांत दिसल्यापासून काही डॉक्टर या आकड्याकडे बघून न बघितल्यासारखे करतात. घाबरणाऱ्याच्या भीतीला थोडा आधार आहे, आणि दुर्लक्ष करणाऱ्याकडेही पुरावा आहे. मात्र आपल्या भागात हा आकडा नेमके काय सांगतो, हे दोघांच्याही नजरेतून निसटते. तो बहुतेक वेळा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खबर देतो. ही कमतरता बऱ्याच अंशी ताटातून येते, तिचे खरे मोल पुढची पिढी मोजते, आणि तिच्यावरचा उपाय लहान व स्वस्त आहे. पुढचे सारे विवेचन या एका विधानाचा विस्तार आहे.

थोडे रसायनशास्त्र टाळता येणार नाही. मेथिओनीनचे एक मोठे काम म्हणजे मिथाइल गट पुरवणे. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा हा चिमुकला गट डीएनएवर, प्रथिनांवर आणि मज्जासंस्थेतल्या अनेक रेणूंवर चढवला जातो. कोणते जनुक जागे राहील आणि कोणते झोपेल, यावरही त्याचा अंमल चालतो. हा गट देऊन झाल्यावर मेथिओनीनचे जे शिल्लक राहते, त्यातून होमोसिस्टीन मिळते. त्याची विल्हेवाट लावायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत त्याच्यावर पुन्हा मिथाइल गट चढवून मेथिओनीन बनवले जाते. त्यासाठी फोलेट तो गट आणून देते आणि बी-१२ तो होमोसिस्टीनपर्यंत पोचवते. यकृतात याच कामासाठी बीटेन या पदार्थाचीही सोय असते. दुसरीत बी-६ च्या मदतीने होमोसिस्टीनचे सिस्टीनमध्ये रूपांतर होते. जायकवाडीच्या नाथसागराची पातळी चढली, तर पाणी किती आले एवढेच बघून भागत नाही. डावा आणि उजवा कालवा नीट वाहतो आहे का, हेही बघावे लागते. होमोसिस्टीनची पातळी अशीच वाचायची असते, आणि आपल्याकडे तुंबतो तो बहुधा फोलेट आणि बी-१२ चा कालवा.

या कालव्याचा एक गुण पुढे फार उपयोगी पडणार आहे. बी-१२ कमी असले की फोलेटही अडकून पडते. ते ज्या मिथाइल रूपात असते त्यातून त्याची सुटका बी-१२ शिवाय होत नाही. रक्तात फोलेट पुरेसे दिसते, पण पेशीच्या हाती पडत नाही. याला शास्त्रज्ञ 'फोलेट ट्रॅप' म्हणतात. एक जीवनसत्त्व भरपूर आणि दुसरे अपुरे, अशा विषम अवस्थेत शरीराचे काय होते, हा या क्षेत्रातला कळीचा प्रश्न आहे.

मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे एक पान या इतिहासात आहे. फोलेटची कहाणी मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, ती गरोदर स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घ्यायला. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा आजार दिसत होता. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असत. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला, पण तिकडे धागा लागला नाही. मग त्यांनी या बायकांचे राहणे आणि खाणे पाहिले, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर आजार हटतो हे दाखवले. हा अर्क म्हणजे विलायती घरांत पावाला लावून खाल्ले जाणारे 'मार्माइट'. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे काम छापून आले, आणि त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' हे नाव मिळाले. तोच घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवले.

विल्स यांच्या कामातली एक बारीक नोंद फार मोलाची ठरली. त्या काळी दुसऱ्या एका पंडुरोगावर, 'पर्निशियस ॲनिमिया'वर, यकृताचा शुद्ध केलेला अर्क देत. तो अर्क या गरोदर बायकांना लागू पडेना. अर्धवट शुद्ध केलेला अर्क आणि यीस्ट मात्र लागू पडे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांची मुळे वेगळी होती. दुसऱ्या आजाराचे मूळ म्हणजे बी-१२. ते १९४८ साली स्फटिकरूपात हाती आले, आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ मध्ये त्याची रचना उलगडली. फोलेट आणि बी-१२ यांच्या कमतरतेची लक्षणे एकसारखी दिसतात, पण एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही, हा धडा असा गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून पुढे आला. तो विसरल्याचे परिणाम आजही दिसतात.

होमोसिस्टीनचा स्वतःचा इतिहास दुसरीकडून येतो. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९३२ साली मेथिओनीनवर तीव्र आम्लाची प्रक्रिया करून ते प्रथम मिळवले. गंधकयुक्त संयुगांवरच्या त्यांच्या कामाला १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तीस वर्षे हे संयुग पाठ्यपुस्तकात पडून होते. १९६२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट इथे काही मतिमंद मुलांच्या लघवीत ते मोठ्या प्रमाणात सापडले आणि 'होमोसिस्टिन्युरिया' हा आनुवंशिक आजार ओळखला गेला. या मुलांना लहान वयातच रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होत असे. १९६९ साली अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी अशा मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. वेगवेगळ्या जनुकीय दोषांतही रक्तवाहिन्यांची इजा सारखीच होती, आणि सगळ्यांत समान गोष्ट एकच : होमोसिस्टीन चढलेले. त्यावरून त्यांनी प्रश्न विचारला, की मोठ्या माणसांत थोडेसे वाढलेले होमोसिस्टीनही रक्तवाहिन्या खराब करत असेल का? कोलेस्टेरॉलचा बोलबाला असलेल्या त्या काळात हा प्रश्न अनेक वर्षे बाजूला पडला.

पुढे लोकसंख्येच्या पाहण्यांत ज्यांचे होमोसिस्टीन जास्त, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असे दिसत गेले आणि उत्साह वाढला. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ साली 'होप-२' आणि नॉर्वेतली 'नॉरव्हिट' या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. 'होप-२'मध्ये साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण होते. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिल्यावर होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. पक्षाघाताचे चित्र थोडे वेगळे आहे. 'होप-२'मध्येही तो काहीसा कमी झाला होता. चीनमध्ये सुमारे वीस हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड दिल्याने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण आणखी घटले. ऑक्सफर्डच्या २०१० मधल्या एका चाचणीत, विसराळूपणाची सुरुवात झालेल्या वृद्धांना ही जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला, आणि ज्यांचे होमोसिस्टीन जास्त होते त्यांना फायदाही जास्त झाला. चाचण्यांच्या या गर्दीतून दोन गोष्टी हाती लागतात. ॲस्पिरिन किंवा स्टॅटिनच्या जागी ही जीवनसत्त्वे घेणे चुकीचे आहे. आणि ज्याच्या शरीरात जीवनसत्त्व मुळात कमी आहे, त्याला दिले तरच फायद्याची आशा.

इथे पुणे येते. पाश्चात्त्य देशांत होमोसिस्टीनचा प्रश्न मुख्यतः फोलेटचा समजला जात होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र वेगळेच दिसले. नॉर्वेच्या हेल्गा रेफसुम यांच्यासोबत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुण्यातल्या २०४ व्यक्तींपैकी ७७ टक्क्यांचे होमोसिस्टीन १५ च्या वर होते आणि ४७ टक्क्यांत बी-१२ कमी होते. २००६ च्या अभ्यासात ४४१ पुरुष होते : काही खेड्यातले, काही झोपडवस्तीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. त्यांत ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन जास्त निघाले. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच दिसली. सर्वांत वाईट स्थिती गरिबांची असेल, हा अंदाजही खोटा ठरला. शहरी मध्यमवर्गातल्या ८१ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी पुरुषांत बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून जास्त होता. पण होमोसिस्टीन वाढण्याचा सारा हिशेब शाकाहाराने जुळत नाही. शहरी मध्यमवर्गीय असणे हाच एक स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला. खाऊनपिऊन सुखी घरातली ही कमतरता आहे. तिला उपासमारीच्या चष्म्यातून पाहिले, तर ती दिसणारच नाही.

या कामाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने विषयाचे केंद्र हृदयाकडून गर्भाशयाकडे आणले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. आईचे पोषण, बाळाचे वजन आणि पुढच्या आयुष्यातला मधुमेह यांचा संबंध शोधायचा होता. त्या गावांतल्या दोन तृतीयांश गरोदर मातांचे बी-१२ कमी होते. तांबड्या पेशींतले फोलेट कमी असलेली माता मात्र जेमतेम एक सापडली. गरोदरपणात लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी देण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी झाली. ज्यांच्या आईचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ मध्ये पुणे आणि म्हैसूरच्या मातांच्या जनुकीय माहितीवरून असे दाखवले गेले, की आईचे चढलेले होमोसिस्टीन आणि बाळाचे कमी वजन यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा.

यातून कुणी फॉलिक ॲसिडच्या गोळीवर राग धरू नये. गर्भाच्या मणक्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष टाळण्यात तिने केलेले काम १९९१ च्या ब्रिटिश चाचणीपासून निर्विवाद सिद्ध आहे. तिच्या जोडीला बी-१२ हवे, एवढाच याचा अर्थ. बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असलेला 'इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम' याच साखळीतला आहे. आईत बी-१२ कमी, ती बाळाला दीर्घकाळ फक्त अंगावर पाजते, आणि वर्षाच्या आतबाहेरचे, गुटगुटीत दिसणारे बाळ हसणे-बसणे विसरते, त्याची कांती काळवंडते, हातपाय थरथरू लागतात.

आता आपल्या ताटाकडे येऊ. मराठवाड्याचे ताट फोलेटच्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. तूर, हरभरा, मूग, चवळी यांत ते आहे. मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, तांदुळजा या पालेभाज्यांत आहे, आणि शेंगदाण्यातही आहे. फोलेट पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने नष्ट होते. म्हणून अंबाडीसारखी भाजी उकडून पाणी फेकण्याची जिथे गरज नाही तिथे ते आमटीत वापरावे, आणि डाळ घालून केलेली पातळ भाजी वारंवार गरम करू नये. बी-६ धान्यांतून, केळ्यातून, बटाट्यातून मिळते. बीटेन गव्हाच्या कोंड्यात, बीटात, पालकात असते. थोडक्यात, ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी या जेवणाने होमोसिस्टीनच्या वाटेवरची बहुतेक कामे होतात. एक सोडून.

ते एक म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीव बनवतात. जनावराच्या शरीरातून ते दुधात, अंड्यात, मांसात, मासळीत येते. वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे असते त्याचा बराचसा भाग माणसाला निरुपयोगी असे नकली रूप आहे. आंबील किंवा इडली आंबवलेली असली, तरी तिच्यातल्या बी-१२ वर विसंबता येत नाही. गरज मात्र अगदी थोडी : प्रौढाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. शंभर मिलिलिटर दुधातून साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचे दही खाणाऱ्याचा हिशेब जवळजवळ जुळतो. पुण्यात तरुण शाकाहारींना रोज दूध देऊन केलेल्या प्रयोगातही बी-१२ ची स्थिती सुधारली. अडचण अशी, की आपल्या अनेक घरांत दूध चहापुरतेच येते आणि ताकात पाणीच जास्त असते. धपाट्याबरोबर वाटीभर घट्ट दही आणि जेवणानंतर पेलाभर पातळ ताक यांची गणती एकच करता येणार नाही.

मांसाहारी घरांनीही निर्धास्त राहू नये. आपल्या शहराची ओळख असलेली नान-खलियाची थाळी बी-१२ च्या दृष्टीने उत्तम. कलेजी तर या जीवनसत्त्वाचे भांडारच आहे. पण शरीर एका वेळी थोडेच बी-१२ शोषू शकते, म्हणून महिन्यातून एकदोनदा खाऊन भागत नाही. गरोदर स्त्रीने मात्र कलेजीतल्या जास्तीच्या 'अ' जीवनसत्त्वामुळे ती जपून खावी. पण बहुतेक घरांत मटण रविवारी किंवा पाहुणे आले तर होते. त्यात श्रावण, एकादशी, चातुर्मास, वार पाळणे आले. त्यातही बायकांच्या वाट्याला बऱ्याचदा रस्साच येतो. 'आम्ही नॉनव्हेज खातो' या उत्तरावर आहारतज्ज्ञाने थांबू नये. किती वेळा, किती आणि घरातल्या कोणी, हे विचारावे. अंडे ज्यांना चालते त्यांच्यासाठी तो सोपा मार्ग आहे. वारकरी, महानुभाव, जैन, लिंगायत अशा निष्ठेने शाकाहार पाळणाऱ्या घरांना मांसाचा सल्ला देणे हा उद्धटपणाही आहे आणि अनावश्यकही. दूध-दही आणि लहानशी गोळी यांवर त्यांचे भागते.

गोळी किती लहान, याचे उत्तरही पुण्यानेच दिले आहे. त्याच गावांतल्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २ किंवा १० मायक्रोग्रॅम बी-१२ वर्षभर दिले. दोन्ही गटांत होमोसिस्टीन चांगले उतरले, आणि दोन मात्रांमधला फरक किरकोळ होता. दुकानात मिळणारी गोळी मात्र बहुधा १५०० मायक्रोग्रॅमची असते. याचे गणित शरीराच्या शोषणात आहे. जठरातून येणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर' एका वेळी दीडदोन मायक्रोग्रॅमच बी-१२ उचलू शकतो. त्याहून जास्त जे गिळले जाते त्याचा सुमारे एक टक्का आपसूक झिरपतो. ज्याचे जठर ठीक आहे त्याला रोजची छोटी मात्रा पुरते. ज्याचे शोषणच बिघडले आहे, त्याला मोठ्या गोळीतला तो एक टक्का उपयोगी पडतो. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, स्मृती ढासळणे अशी मज्जातंतूंची लक्षणे असतील, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडून इंजेक्शनने सुरुवात करणे शहाणपणाचे. मिथाइलकोबालामिन महाग म्हणून श्रेष्ठ, असेही मानू नये. स्वस्त सायनोकोबालामिनचेही पेशीत गेल्यावर कामाच्या रूपांत रूपांतर होते.

दोन इशारे मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहेत. बी-१२ तपासल्याशिवाय केवळ फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा दीर्घकाळ घेऊ नये. त्याने पंडुरोग सुधारतो, रिपोर्ट बरा दिसतो, आणि मज्जातंतूंची झीज मात्र आत चालू राहते. आणि बी-६ जास्त घेतल्याने काही बिघडत नाही, हा समज खोटा आहे. दीर्घकाळ मोठ्या मात्रेने उलट नसांनाच इजा होते.

तपासणीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. नमुना तसाच राहिला तर तासागणिक आकडा साधारण दहा टक्क्यांनी फुगतो. म्हणून तो बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना पैठण किंवा सिल्लोडच्या संकलन केंद्रातून नमुना शहरात, आणि तिथून मुंबईच्या प्रयोगशाळेत कसा गेला, हे विचारल्याशिवाय १८ चा अर्थ लावू नये. आकडा खरा असेल, तर क्रमाने बघावे : बी-१२ किती, मूत्रपिंडे कशी, थायरॉईड कसे, औषधे कोणती. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ चे शोषण घटते. फिट्सवरची काही औषधे आणि मेथोट्रेक्सेट फोलेटच्या कामात अडथळा आणतात. धूम्रपानानेही आकडा चढतो. शंभरच्या वरचा आकडा मात्र वेगळ्या दालनात जातो, तिथे आनुवंशिक दोषाचा विचार तज्ज्ञांनीच करावा.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी तो बायोकेमिस्ट्रीच्या प्रकरणाऐवजी समाजशास्त्राच्या शेजारी ठेवून वाचायला सांगतो. त्यात एन्झाइम्स आहेतच. पण सासू-सुनेच्या ताटातला फरक, उपासांचे पंचांग, दुधाचा भाव, गोळी वाटणारी आशा ताई, आणि 'आमच्या घरात अशक्तपणाचे आजार नाहीत' असे सांगणारा सुखवस्तू गृहस्थ, हे सगळेही त्यात आहेत. पुण्याच्या संशोधकांनी 'प्रिया' नावाची पुढची चाचणी २०१२ मध्ये सुरू केली. त्या सहा गावांतली मुले तेव्हा किशोरवयात आली होती. त्यांना गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचे, एकट्याने किंवा इतर सूक्ष्मपोषकांसोबत, आणि पुढच्या पिढीत काय दिसते ते बघायचे. बी-१२ मिळालेल्या मातांची मुले दोन वर्षांच्या वयात बौद्धिक विकासाच्या काही कसोट्यांवर सरस दिसल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ल्युसी विल्स गरोदर बाईच्या पलंगाशी पोचल्या होत्या. आता हा शोध तिच्या लग्नाआधीच्या वयापर्यंत मागे सरकला आहे.

मराठवाड्याला यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याजवळच्या गावांचे निष्कर्ष आपल्या कोरडवाहू, ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात जसेच्या तसे लावायचे का, हे इथल्याच अभ्यासकांनी ठरवायला हवे. १९५६ साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला सगळा प्रदेश 'घाटी' म्हणून ओळखतो, जालना, बीड, परभणीपासून बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण येतात. ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात दूध किती असते? दुष्काळात जनावरे चारा छावणीत गेली की घरातल्या मुलांच्या बी-१२ चे काय होते? मेटफॉर्मिन घेणाऱ्या किती जणांना वर्षातून एकदा बी-१२ तपासायला सांगितले जाते? या प्रश्नांना महागडी यंत्रे लागत नाहीत. नीट विचारलेली आहाराची प्रश्नावली, बर्फात ठेवलेला नमुना आणि थोडा चिवटपणा पुरतो.

आणि ज्यांना संशोधन करायचे नाही, फक्त रिपोर्टमधला आकडा समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी या सगळ्याचे सार थोडक्यात सांगता येते. होमोसिस्टीन वाढलेले दिसले तर आधी बी-१२ बघा, दूध-दही-अंडी यांचा खरा हिशेब करा, लागेल तर डॉक्टरांना विचारून लहान मात्रेची गोळी सुरू करा आणि दोनतीन महिन्यांनी पुन्हा तपासा. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि चालणे यांची जबाबदारी मात्र या गोळीवर टाकू नका. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर तपासणीची सुरुवात तिच्यापासून करा; तिचे बी-१२ आज सुधारले, तर त्याचा लाभ दोन पिढ्यांना होतो.